बंद दारांचा हिशेब: अपुऱ्या नमुन्यावरून अंदाज कसा बांधायचा

समजा, नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातल्या रहिवाशांच्या एका गटाला सेक्टरमधून स्टेशनपर्यंत एनएमएमटीची, म्हणजे महापालिकेच्या बसची, सकाळची जादा फेरी मागायची आहे. परिवहन उपक्रमाला पत्र द्यायचं तर आकडा हवा: आपल्या भागातल्या किती घरांतून कोणी ना कोणी रोज लोकलने कामाला जातं? सगळ्या घरांत जाणं जमणार नाही, म्हणून दोनशे घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, विचारायचं आणि टक्केवारी काढायची. इथपर्यंत कोणालाही सुचतं. पुढे होतं असं, की दोनशेपैकी सत्तर-ऐंशी घरांतून उत्तरच येत नाही. ती घरं बाजूला ठेवली जातात, हातातल्या फॉर्मवरून टक्केवारी निघते आणि पत्र टाईप होतं.

उत्तर न आलेली घरंही तुमच्या नमुन्यातच आहेत. त्यांना हिशेबाबाहेर काढायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचं करायचं काय, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे. संख्याशास्त्र शिकलेलं नसलं तरी चालेल, वर्गमूळ काढणारा मोबाईल पुरे. खालचे पाहणीचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरले आहेत, ते कुठल्या प्रत्यक्ष पाहणीतले नाहीत.

आधी यादी

चिठ्ठ्या टाकायच्या तर सगळ्या घरांची यादी लागते, आणि अपुरेपणाची सुरुवात तिथूनच होते. सोसायटीच्या सचिवांकडे फ्लॅटमालकांची यादी असते, भाडेकरूंची असेलच असं नाही. कोपरखैरणे-घणसोलीतल्या सिडकोच्या बैठ्या घरांवर मजले चढले आहेत. यादीत एक घर दिसतं, जिना चढून गेलं की तीन चुली सापडतात. बोनकोड्यासारख्या गावठाणात तर घरांचे क्रमांकही सरळ ओळीने लागत नाहीत.

म्हणून यादी हातात आली की दोघांनी एकदा पायी फिरून ती तपासायची. एका दारामागे दोन-तीन कुटुंबं असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ करायची. तेवढा वेळ नसेल तर त्या दाराशी गेल्यावर कुटुंबांची चिठ्ठी टाकून एकच निवडायचं, पण फॉर्मवर 'तीनपैकी एक' असं लिहायचं आणि हिशेबात त्या उत्तराला तिप्पट वजन द्यायचं. गावठाण यादीत घेता आलंच नाही, तर निष्कर्ष गावठाणाला लागू नाही हे अहवालात लिहायचं. यादीबाहेरचं घर कधीच निवडलं जाणार नसतं, त्यामुळे पुढचा कुठलाही हिशेब त्याची भरपाई करू शकत नाही.

निवड करताना

यादीला १ ते २४०० क्रमांक द्या आणि कॉम्प्युटरला दोनशे यादृच्छिक आकडे मागा. स्प्रेडशीटमध्ये ही सोय असते. 'दर बारावं घर' ही पद्धत सोपी वाटते, पण इमारतीत मजल्यावर चार फ्लॅट असतील तर चारने बाराला पूर्ण भाग जातो आणि तुमच्या वाट्याला प्रत्येक वेळी एकाच कोपऱ्यातला फ्लॅट येतो. कोपऱ्यातले फ्लॅट कधी मोठे असतात, आणि मोठ्या फ्लॅटमधली माणसं वेगळी असू शकतात.

निवडलेल्या प्रत्येक घराचा फॉर्म आधीच तयार करा आणि वर अनुक्रमांक लिहा. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन निघायचं नाही. क्रमांक टाकलेला फॉर्म रिकामा परत आला तरी तो काहीतरी सांगतो. भरलेलेच फॉर्म जमा केले, तर काय हरवलं हे नंतर कोणालाच कळत नाही.

दारात काय लिहायचं

प्रत्येक फेरीची तारीख, वेळ आणि निकाल लिहा. निकालाचे चार प्रकार पुरतात: मुलाखत झाली, नकार (गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही तेही यातच, शेऱ्यासकट), कुलूप, आणि घर रिकामं, कोणी राहतच नाही. शेवटचे दोन वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. रिकामं घर आपल्या प्रश्नाच्या कक्षेतच नाही, ते वजा होतं. कुलूपबंद घरात मात्र माणसं राहतात, फक्त तुमच्या वेळेला ती नव्हती.

आता सगळ्यात जास्त घडणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. ३०४ला कुलूप आहे. समोर ३०३च्या काकू दारातच उभ्या आहेत, "अहो, त्यांचं काय विचारता, माझ्याकडूनच घ्या ना माहिती" म्हणतात. स्वयंसेवक पोरगं दमलेलं असतं, ते ३०३ची माहिती लिहून घेतं. कागदावर दोनशेचा आकडा पुरा होतो. झालं काय, तर बाहेर असणारं घर काढून त्या जागी घरात असणारं घर बसवलं. प्रश्नच जर रोज बाहेर पडणाऱ्यांचा असेल, तर या अदलाबदलीने उत्तर नेमकं बिघडतं, शिवाय बिघडल्याची खूणही पुसली जाते. अपुरा नमुना दिसतो तरी, बदली घरांनी भरलेला नमुना पुरा असल्याचा भास देतो. म्हणून बदली घर घ्यायचं नाही. काकूंना एवढंच विचारायचं, "काकू, ही मंडळी घरी कधी सापडतील?" आणि ती वेळ फॉर्मवर टिपून घ्यायची.

फेऱ्या किमान तीन, आणि तीन वेगवेगळ्या वेळी: एक कामाच्या दिवशी सकाळी, एक रात्री आठनंतर, एक रविवारी. या भागात माथाडी कामगारांची वस्ती मोठी आहे. एपीएमसीच्या भाजीपाला मार्केटचं काम उजाडायच्या आधी सुरू होतं, तिथे राबून आलेला माणूस अकरा वाजता झोपलेला असतो. त्याच्या दारावर 'नकार' लिहून पुढे जाणं अन्यायाचं आहे, संध्याकाळी परत जा. महिनाही बघून ठरवा. चैत्र-वैशाखात साताऱ्या-सांगलीकडची कुटुंबं गावच्या यात्रेला जातात, गणपतीत कोकणातली जातात, मे महिन्यात शाळेत जाणारी मुलं असलेली घरं बंद असतात. त्या दिवसांत पाहणी केली तर कुलपं वाढतात, आणि ती ठरावीक घरांचीच वाढतात.

पहिला हिशेब, आणि तो का पुरत नाही

तीन फेऱ्यांनंतर धरू या की २००पैकी ८ घरं रिकामी निघाली. उरली १९२. त्यांतल्या १२० घरांत मुलाखत झाली, ७२ घरांत झाली नाही. प्रतिसाद ६२.५ टक्के. १२०पैकी ५४ घरांनी 'हो, घरातलं कोणीतरी रोज लोकलने जातं' असं सांगितलं. म्हणजे ४५ टक्के.

पुस्तकी रीत अशी: ०.४५ गुणिले ०.५५, भागिले १२०, त्याचं वर्गमूळ, मग दुप्पट. येतं ०.०९. म्हणून लोक लिहितात, "४५ टक्के, कमीजास्त ९". हे ९ फक्त चिठ्ठीच्या नशिबाचे आहेत, म्हणजे दुसरी १२० घरं निघाली असती तर आकडा किती हलला असता, एवढंच ते सांगतात. ७२ घरांबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

त्या घरांबद्दल काहीही न मानता काय म्हणता येतं, ते बघा. ७२च्या ७२ घरांचं उत्तर 'नाही' असतं, तर १९२पैकी ५४, म्हणजे २८ टक्के. सगळ्यांचं 'हो' असतं, तर १९२पैकी १२६, म्हणजे ६६ टक्के. नमुन्याचं खरं उत्तर या २८ ते ६६च्या पट्ट्यात आहे. याबाहेरचं काही तुम्हाला माहीत नाही, आणि याच्या आतलं कुठलंही टोक तुम्ही खोडून काढू शकत नाही. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९०च्या आसपास या विचाराला रीतसर रूप दिलं: आधी गृहीतकांशिवाय काय सांगता येतं ते सांगा, मग एकेक गृहीतक घालून पट्टा किती अरुंद होतो ते दाखवा. नवख्या माणसाने सगळ्यात आधी हाच हिशेब शिकावा, असं मला मनापासून वाटतं. त्याला ना सूत्र लागतं ना सॉफ्टवेअर.

"मग दोन हजार घरं घेऊ," असं कोणीतरी म्हणतंच. प्रतिसाद तेवढाच राहिला तर १२००च्या आसपास उत्तरं मिळतील, कमीजास्त ९चे ३ होतील, पण २८ ते ६६चा पट्टा जिथल्या तिथे राहील. अमेरिकेत १९३६ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. मोटार आणि टेलिफोन असणाऱ्यांच्या याद्या वापरल्या म्हणून अंदाज चुकला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ज्यांच्या हातात पत्रिका पडली, त्यांच्यातल्याही तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी ती परत पाठवलीच नाही, आणि पाठवणारे व न पाठवणारे एका मताचे नव्हते. २३ लाखांच्या नमुन्यालाही ते सावरता आलं नाही.

घर बंद का होतं?

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली गाळलेल्या माहितीचे प्रकार वेगळे करून दाखवले. आपल्या भाषेत ते असे. एक, गाळण्याचा कशाशीच संबंध नाही: पावसात पिशवी भिजली आणि वीस फॉर्म गेले. इथे उरलेल्यांवर हिशेब करायला हरकत नाही. दोन, संबंध आहे, पण आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीशी: फ्लॅटमध्ये प्रतिसाद कमी, बैठ्या घरांत जास्त, आणि कुठलं घर कुठल्या प्रकारचं हे यादीत लिहिलेलं आहे. तीन, संबंध थेट उत्तराशी: माणूस लोकलने जातो म्हणूनच तो घरी सापडत नाही.

आपली पाहणी बहुधा तिसऱ्या प्रकारची आहे. आणि नुसत्या भरलेल्या फॉर्मवरून प्रकार दुसरा की तिसरा हे सिद्ध करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी उत्तरं म्हणजे नेमकी न मिळालेलीच. खुणा मात्र शोधता येतात.

फेरीप्रमाणे फॉर्म वेगळे करा

प्रत्येक फेरीची नोंद ठेवली होती, तिचा उपयोग इथे. समजा असं दिसलं:

सकाळच्या पहिल्या फेरीत ६० मुलाखती, त्यांत 'हो' १८, म्हणजे ३० टक्के.
रात्रीच्या दुसऱ्या फेरीत ३६ मुलाखती, 'हो' १९, म्हणजे ५३ टक्के.
रविवारच्या तिसऱ्या फेरीत २४ मुलाखती, 'हो' १७, म्हणजे ७१ टक्के.

जितकं घर सापडायला अवघड, तितकं 'हो'चं प्रमाण जास्त. तीन फेऱ्यांनंतरही न सापडलेल्या ७२ घरांत ते ४५ टक्केच असेल असं मानायला आता काही आधार उरत नाही. पहिल्या दिवशीच थांबला असतात तर ३० टक्क्यांवर बसची मागणी केली असतीत. हा तक्ता प्रत्येक अहवालात असावा. तो बनवायला दहा मिनिटं लागतात आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं.

वजन देणं

आता घरांच्या प्रकाराप्रमाणे बघू. १९२पैकी ११२ फ्लॅट होते, त्यांतले निम्मे म्हणजे ५६ सापडले आणि ३२ जण 'हो' म्हणाले. बैठी घरं ८०, त्यांतली ६४ सापडली, 'हो' २२. सापडलेला प्रत्येक फ्लॅट दोन फ्लॅटांच्या वतीने बोलतो, म्हणून वजन २. बैठ्या घराचं वजन ८० भागिले ६४, म्हणजे १.२५. एकूण 'हो': ३२ दुणे ६४, अधिक २२ गुणिले १.२५ म्हणजे २७.५, बेरीज ९१.५. भागिले १९२, उत्तर ४८ टक्के.

४५चे ४८ झाले. दिशा बरोबर आहे, पण वजनाची ताकद तेवढीच. न सापडलेला फ्लॅट सापडलेल्या फ्लॅटसारखाच, असं यात मानलेलं असतं, आणि वरच्या फेऱ्यांचा तक्ता त्या मानण्याच्या विरोधात साक्ष देतो. ज्या पाहण्या इथेच थांबतात त्यांच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

बंद दारांतून पुन्हा चिठ्ठी

ही पायरी सगळ्यात मोलाची. मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या अमेरिकी जनगणना खात्यातल्या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९४६ साली मांडली. पोस्टाने फॉर्म पाठवणं स्वस्त, पण उत्तरं कमी. घरी जाणं महाग, पण उत्तर मिळतं. त्यांचं म्हणणं असं, की न आलेल्यांमधून थोडेच जण चिठ्ठीने निवडा आणि तेवढ्यांच्या मागे सगळी ताकद लावा.

आपल्या ७२ घरांतून २४ चिठ्ठीने निवडा, म्हणजे तीनातलं एक. सोपी किंवा ओळखीची घरं वेचायची नाहीत. मग त्या २४ घरांसाठी हवं ते करा: सचिवांकडून आधी निरोप द्या, दाराखाली वेळ विचारणारी चिठ्ठी सरकवा, रात्री साडेनऊला जा, वॉचमनला पत्र दाखवा, फोनवर दोन मिनिटं मागा. पहिल्या वेळी नकार दिलेल्या घरी वेगळ्या माणसाला पाठवा. ताईंनी विचारल्यावर जे दार उघडत नाही ते कधी शेजारच्या विंगमधल्या आजोबांसाठी उघडतं. स्पष्ट दुसरा नकार आला की मात्र थांबायचं. माणसाला त्रास देऊन मिळवलेलं उत्तर खरं असेलच असं नाही, आणि तो हक्कही आपला नाही.

समजा २४पैकी २१ सापडली आणि १४ जणांनी 'हो' म्हटलं, म्हणजे दोन तृतीयांश. ७२चे दोन तृतीयांश ४८. आधीचे ५४ मिळवून १०२, भागिले १९२, उत्तर ५३ टक्के.

आता टोकांचा हिशेब पुन्हा करा. न सापडलेली घरं तीनच, आणि प्रत्येक तिघांच्या वतीने, म्हणजे ९ घरांपुरती अनिश्चितता. तिघांचं 'नाही' धरलं तर ५४ अधिक ४२, म्हणजे ९६. 'हो' धरलं तर ५४ अधिक ५१, म्हणजे १०५. टक्क्यांत ५० ते ५५. अडतीस टक्क्यांचा पट्टा पाचावर आला, आणि त्यासाठी फक्त २४ दारं जास्त वाजवावी लागली.

चिठ्ठीच्या नशिबाची चूक इथे दोन तुकड्यांत येते, कारण चिठ्ठी दोनदा टाकली. पहिला तुकडा: ०.५३ गुणिले ०.४७ भागिले १९२, म्हणजे ०.००१३. दुसरा: बंद घरांचा वाटा ०.३७५, गुणिले २.४ (७२ भागिले २१ म्हणजे ३.४, त्यातून १ वजा), गुणिले ०.६७ गुणिले ०.३३, भागिले १९२, म्हणजे ०.००१०. बेरजेचं वर्गमूळ काढून दुप्पट केली की येतात सुमारे १० टक्के. ते दोन्ही टोकांना जोडले की ४० ते ६५. रुंद वाटेल, पण आधीच्या २८ ते ६६च्या पट्ट्याला अशीच चूक जोडली असती तर तो सुमारे २२ ते ७२ झाला असता. आणि उरलेली रुंदी आता बहुतांशी नमुन्याच्या आकारामुळे आहे. या टप्प्यावर जास्त घरं घेतली तर खरोखरच फायदा होतो.

मोजणाऱ्यांवरही लक्ष

निवडलेली घरं चिठ्ठीनेच दोन तुकड्यांत वाटून दोन वेगळ्या जोड्यांना द्या. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या पीकपाहण्यांत ही रीत रुळवली. दोन्ही जोड्यांचे आकडे फार वेगळे आले तर फरक लोकांत नाही, विचारण्यात आहे. साताऱ्याकडच्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत असंच काही दाखवून दिलं: अगदी लहान तुकडा कापून उत्पन्न मोजलं तर काठावरची रोपं आत धरली जातात आणि अंदाज फुगतो. तुकडे कितीही घेतले तरी तो फुगवटा कमी होत नाही.

दुसऱ्याने केलेली पाहणी हातात आली तर

१२० ओळींची फाईल मिळाली की पहिला प्रश्न विचारा: निवडली किती होती? उत्तर नसेल तर फॉर्मचे अनुक्रमांक बघा. मधले क्रमांक गायब असतील तर फॉर्म गळले आहेत. एकूण किती होते याचा अंदाजही बांधता येतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हस्तगत केलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरच्या क्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज असाच काढला होता. हातात ४० फॉर्म आणि सगळ्यात मोठा क्रमांक १५६ असेल, तर १५६ अधिक १५६ भागिले ४०, उणे १, म्हणजे सुमारे १५९. पण उरलेले फॉर्म कुठलेही, सारख्याच संधीने उरले असतील तरच हे चालतं. शेवटचा अख्खा गठ्ठाच कोणाकडे राहिला असेल तर नाही.

पत्रात काय लिहायचं

सगळे आकडे द्यायचे, हवा तेवढाच नाही. नमुना म्हणून:

"यादीतल्या २४०० घरांतून २०० घरं चिठ्ठीने निवडली. ८ रिकामी होती. उरलेल्या १९२पैकी १२० घरांत तीन फेऱ्यांत माहिती मिळाली. न मिळालेल्या ७२पैकी २४ पुन्हा चिठ्ठीने निवडली, त्यांतली २१ सापडली. रोज लोकलने जाणारं कोणी ना कोणी असलेल्या घरांचं प्रमाण सुमारे ५३ टक्के. न सापडलेली घरं आणि नमुन्याची चूक धरून ४० ते ६५ टक्के. गावठाणाचा भाग यादीत नव्हता. बदली घरं घेतलेली नाहीत."

सोबत फेऱ्यांचा तक्ता आणि कोरा प्रश्नफॉर्म जोडा. नावं आणि फ्लॅट क्रमांक पत्रात जाऊ देऊ नका. ते असलेले मूळ फॉर्म एकाच जबाबदार माणसाकडे कुलपात ठेवा, कारण कोणी हिशेब तपासायला मागितला तर अनुक्रमांकावरून तो पुन्हा करता आला पाहिजे.